आईच्या पुढचे पाऊल

ज्या ग्रंथावर अनेक पिढ्यांनी प्रेम केले, ज्यातील प्रसंग आठवून प्रौढांचेही डोळे पाणावतात, त्याला पुन्हा हात लावावा की लावू नये, हा प्रश्न वरवर कलेचा भासला तरी मुळात तो धर्माचा आहे. कारण पूज्य वस्तूवरील निष्ठा म्हणजे ती जशीच्या तशी राखणे, की तिने दाखविलेल्या दिशेने आणखी चालत जाणे, याचा निर्णय केल्याखेरीज त्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून सुजय डहाके यांनी केलेला नवा चित्रपट १० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला, आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत झालेल्या ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या समारंभात उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्याच्या पदरी पडला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’लाही याच राजधानीने १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देऊन गौरविले होते. या दोन्ही वर्षी मराठी साहित्य संमेलनही दिल्लीतच भरले, हा एक विलक्षण योग. १९५४ साली त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे होते आणि २०२५ साली तारा भवाळकर यांच्याकडे. एकाच कथेला एकाहत्तर वर्षांच्या अंतराने एकाच नगरीत दोनदा सन्मान मिळावा, ही गोष्ट केवळ अभिमानाची नव्हे, विचाराचीही आहे.

नव्या चित्रपटाची वार्ता आली तेव्हा पुष्कळ रसिकांनी विषाद व्यक्त केला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम ज्यांच्या अंतःकरणात एकदा प्रतिष्ठित झाला, त्यांना त्या जागी गौरी देशपांडे आणि शर्व गाडगीळ यांना पाहणे म्हणजे देव्हाऱ्यातील मूर्ती बदलण्यासारखे वाटले, आणि या वेदनेत क्षुद्रता नाही. ज्याला कशाविषयीच अशी वेदना होत नाही त्याच्या जीवनात पूज्य असे काही उरले नाही, असेच समजावे लागेल. परंतु आपल्या परंपरेने पूज्य ग्रंथाचा मान कसा राखला, हे पाहिले म्हणजे या विषादाचे स्वरूप पालटते. गीता सर्वमान्य झाली म्हणून तिच्यावर बोलणे कोणी थांबविले नाही. आचार्यांनी भाष्ये रचली, आणि १२९० साली ज्ञानेश्वरांनी तीच गीता स्त्रीशूद्रांच्या बोलीत आणून सोडली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, आणि ती उतरून घेणारी लेखणी साने गुरुजींची होती. त्याच लेखणीने पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत आपल्या आईच्या आठवणींचा बहुतांश भाग कागदावर उतरविला. एका तुरुंगात गीता, दुसऱ्या तुरुंगात आई, आणि दोन्हींकडे पाहण्याची दृष्टी एकच, हे ध्यानात घेतले म्हणजे या पुस्तकाला केवळ बालवाङ्मय म्हणणे अपुरे ठरते. पालगडच्या एका गरीब गृहिणीच्या आचरणावर तिच्या मुलाने लिहिलेले ते भाष्य आहे.

या भाष्याचे मर्म ज्या प्रसंगात मला सर्वाधिक स्पष्ट दिसते तो प्रसंग मोळीचा आहे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीतील एका वृद्धेची लाकडांची मोळी खाली पडली आहे, ती पुन्हा डोक्यावर चढविण्यास कोणी पुढे होत नाही, कारण स्पर्श झाला तर विटाळ; हे पाहून आई श्यामला तिच्या मदतीला धाडते आणि नंतर घरी येऊन स्नान कर, असे सांगते. या लहानशा आज्ञेत एका युगाचा सगळा संघर्ष सामावला आहे. करुणेने रूढीची सीमा ओलांडली आहे, पण रूढीचा अंमल अजून उठलेला नाही. हात मोळीला लागला आहे, पण त्या हाताला पाणी घ्यावेच लागणार आहे. आजचा वाचक त्या स्नानाकडे बोट दाखवून आईला दोष देऊ पाहील, तर तो अन्यायच होईल. खोताच्या घरातली, कर्जाने आणि जप्तीने खचलेल्या संसाराचा गाडा ओढणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री आपल्या जगाच्या अगदी काठापर्यंत आली होती. नियम तिने मोडला नाही हे खरे. पण करुणेला तिने नियमाची परवानगीही मागायला लावली नाही. आधी मोळी, मग स्नान, हा तिचा क्रम होता. आणि माझ्या मते तिची सारी धर्मबुद्धी या क्रमात आहे.

आता तिच्या मुलाचे काय झाले ते पाहावे. श्यामची ही आई, म्हणजे यशोदाबाई, १९१७ साली निवर्तल्या. त्यानंतर तीस वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, त्यांचा श्याम, म्हणजेच पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी, पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाच्या मंदिराचे दार हरिजनांना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. तत्पूर्वी सहा महिने सेनापती बापटांसारख्यांना बरोबर घेऊन त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत त्या गांधीजींनी उपोषण थांबविण्याविषयी कळविले, तरीही गुरुजींनी ते नम्रतेने चालू ठेवले, आणि दहा दिवसांनी दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. आईने मोळी उचलायला सांगितली होती आणि नंतर स्नान करायला. मुलाने मोळी उचलली आणि स्नान कायमचे सोडून दिले. येथे मुलगा आईपासून दुरावला काय? मुळीच नाही. तिच्या आज्ञेतील जो भाग काळाचा होता तो काळाच्या स्वाधीन करून, जो भाग तिचा स्वतःचा होता तेवढाच त्याने उचलला, आणि तो अखेरपर्यंत नेला. मिळालेली मिळकत मोहोरबंद पेटीत ठेवणारा पुत्र तिचा रखवालदार होतो, वारस होत नाही. वारसाला त्या मिळकतीवर स्वतःच्या श्रमाची भर घालावी लागते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. परंपरेतील कोणता अंश सोडावा आणि कोणता वाढवावा, हे ज्याने त्याने ठरवायचे म्हटले, तर प्रत्येक स्वैराचाराला वारशाची सनद मिळेल, आणि जे जे गैरसोयीचे ते ते ‘काळाचे’ म्हणून टाकून देता येईल. हा धोका खरा आहे. म्हणून कसोटी हवी, आणि ती गुरुजींच्या आचरणातच सापडते. पुढे टाकलेल्या पावलाची किंमत टाकणाऱ्याने स्वतः मोजली पाहिजे, ही तिची पहिली बाजू. गुरुजींनी आपला प्राण पणाला लावला, दुसऱ्याचा नव्हे. त्या पावलाने दाराबाहेर उभा असलेला मनुष्य आत आला पाहिजे, ही दुसरी. परंपरा सोडून ज्याने केवळ स्वतःचा भार हलका केला त्याने वारसा वाढविला असे म्हणता येणार नाही, आणि ज्याने परंपरेच्या नावाखाली दाराला कुलूप लावले त्याने तर तो बुडविलाच. लक्ष्मणशास्त्र्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी धर्मशास्त्राचे आधार पुढे मांडले, ते याच कसोटीला उतरणारे पांडित्य होते. शास्त्रातून जे त्यांनी सिद्ध केले ते त्या मातेने शास्त्र न वाचता अर्धे आचरिले होते.

नव्या चित्रपटाचेही मोल मी याच कसोटीवर करतो. डहाके यांनी तो कृष्णधवल ठेवला आणि श्यामच्या बालपणाच्या जोडीला ओम भूतकर यांनी साकारलेले प्रौढ साने गुरुजी उभे केले, ही मला त्यातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. आईची शिकवण प्रेक्षकाला केवळ आठवणीच्या रूपाने न देता, ती शिकवण ज्याच्या जीवनात फळली तो मनुष्यही त्याला दाखविणे, म्हणजे संस्काराची परीक्षा लावणे होय. ‘श्यामची आई’ वाचून आपल्याकडे अश्रू पुष्कळ वाहिले; पण या अश्रूंनी मन मऊ करून पुन्हा जिथल्या तिथेच ठेवले असेल, तर आईच्या दारिद्र्याला आणि सोसण्याला आपण नुसतेच पूजास्थान दिले, असे होईल. तिचे सोसणे पूज्य नाही. ते निवारता आले असते तर निवारायलाच हवे होते. तिने सोसतानाही दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे पाहिले, ते पूज्य आहे.

आणि हे सारे दिल्लीत बसून लिहिताना मन स्वस्थ राहत नाही. संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारी तरतूद २९ नोव्हेंबर १९४८ रोजी याच शहरात संमत केली; तीच आज संविधानाचे सतरावे कलम आहे. पंढरपूरच्या मठात एका कृश देहाने जे मागितले ते दीड वर्षात राष्ट्राच्या सनदेत लिहिले गेले. तरीही मैला हाताने उपसण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली करावे लागले, आणि गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना तीस लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला २० ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे हा चित्रपट पडद्यावर येण्याच्या तीन आठवडे आधी, काढावा लागला. नोएडा आणि गुरुग्राम येथील अनेक संकुलांत घरकाम करणाऱ्या बायांसाठी लिफ्ट निराळी असते, आणि कित्येक घरांत त्यांच्या चहाचा पेलाही निराळा ठेवलेला असतो. त्यांच्या हातचे अन्न आपल्याला चालते, त्यांच्या हातांत आपली मुले वाढतात, पण त्यांच्याशेजारी उभे राहून चार मजले चढणे चालत नाही. पालगडचे स्नान कालबाह्य झाले असे आपण समजतो. वस्तुतः ते वास्तुरचनेत आणि सोसायटीच्या नियमावलीत जाऊन बसले आहे, आणि त्या मातेपाशी जी करुणा त्याच्या आधी येत होती ती मात्र आपल्यापाशी येत नाही.

म्हणून या राजधानीत राहणाऱ्या, हिंदी-इंग्रजीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा चित्रपट दाखविताना, ही आपली संस्कृती आहे, जपून ठेव, एवढेच सांगून पालकांनी थांबू नये. त्या मातेने तिच्या काळात कोठवर पाऊल टाकले, तिच्या मुलाने ते कोठवर नेले, हे सांगून मग आपल्या घरातील आणि आपल्या इमारतीतील कोणता नियम आजच मोडण्याजोगा आहे, हे मुलासमक्ष ठरवावे. आणि तो आधी आपण मोडावा, कारण आई-बापांनी स्वतः किंमत मोजल्यावाचून मुलाच्या मनात कोणताही संस्कार उतरत नाही. असे घडेल त्या घरात ‘श्यामची आई’ कितीही वेळा नव्याने निर्माण झाली तरी ती जुन्याची नक्कल ठरणार नाही.