न दिलेलं आभाळ

संयुत्त निकायात एका भिक्खूची छोटी कथा आहे. तो कोसल देशातल्या एका वनात राहत असे. भिक्षेहून परतला, जेवण झालं की तो तळ्यात उतरायचा आणि उमललेल्या कमळाचा वास घ्यायचा. त्या वनातल्या देवतेने एकदा त्याला हटकलं. हे फूल तुला कुणी दिलेलं नाही, तरी तू त्याचा वास घेतोस, तेव्हा तू गंधाचा चोर आहेस, असं ती म्हणाली. भिक्खू चकित झाला. मी फूल तोडत नाही, मोडत नाही, लांबून वास घेतो. आणि जे कमळाचे कंद खणून नेतात त्यांना मात्र तू काहीच म्हणत नाहीस! देवतेने सांगितलं की त्या लोकांशी मला काही बोलायचंच नाही. पण जो निर्मळ व्हायला निघाला आहे, त्याला केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसायला हवा.

मी आयुष्यभर मराठवाड्यातल्या मुलामुलींना कोरडवाहू शेती शिकवली. वाफसा कसा ओळखायचा, पावसाचा खंड पडला की काय करायचं, रुंद वरंबा सरीवर सोयाबीन का पेरायचं, हे माझे विषय. पंचशील त्याआधीपासूनचं, आजीच्या मांडीवरचं. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील. लहानपणी त्याचा अर्थ दुसऱ्याच्या वावरातली कणसं तोडायची नाहीत, एवढाच होता. निवृत्तीनंतर वर्षावासात विहारात धम्मवाचनाला बसू लागले, आणि हेच शील एक मोठा प्रश्न होऊन समोर आलं. हवेत धूर सोडणं हे न दिलेलं घेणं आहे का? आणि असेल, तर हवामान बदलासाठी म्हणून श्रीमंत देशांकडून जो पैसा गरीब देशांच्या शेतीकडे येतो, त्याला काय म्हणायचं? दान, कर्ज, की परतफेड?

कमळाचा वास घेतल्याने कमळाचं काही कमी होत नाही. कोळसा जाळला की आभाळातली जागा मात्र खरोखर कमी होते. कर्ब वायूचा मोठा भाग शेकडो वर्षं हवेत टिकतो, आणि तापमान एका मर्यादेत ठेवायचं तर हवेत सोडता येईल असा कर्ब मोजकाच उरतो. एकाने वापरलेला हिस्सा दुसऱ्याला मिळत नाही. आजवर जीवाश्म इंधनातून जो कर्ब वायू हवेत गेला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. जगातला दर सहावा माणूस जिथे राहतो त्या भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. हे वाटप कुणी केलेलं नाही, कुणी कुणाला दिलेलं नाही. आभाळ सगळ्यांचं होतं, आणि काहींनी ते आधी भरून टाकलं.

पण बौद्ध परंपरा चोरी हा शब्द सैल हाताने वापरत नाही, आणि मलाही तो तसा वापरायचा नाही. अट्ठकथांमध्ये चोरीची पाच अंगं सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असावी, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला माहीत असावं, मनात चोरीचा भाव असावा, त्यासाठी प्रयत्न झालेला असावा आणि त्या प्रयत्नाने वस्तू नेली गेलेली असावी. यातलं एक अंग जरी नसलं तरी शील पूर्ण मोडत नाही. बुद्धांच्या दृष्टीने कर्म म्हणजे मुळात चेतना, मनातला हेतू. मग मँचेस्टरच्या गिरणीत १८५० साली कोळसा टाकणाऱ्या कामगाराला चोर कसं म्हणायचं? त्याला काय माहीत होतं? त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापेल हा हिशोब स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने मांडला तो १८९६ साली, आणि तोही अभ्यासकांपुरता राहिला. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कर्ब नियमितपणे मोजायला सुरुवात झाली ती १९५८ मध्ये.

म्हणून सुरुवातीच्या दीडशे वर्षांवर मी दोष ठेवत नाही. पण १९९२ मध्ये रिओला जगातल्या देशांनी हवामान करारावर सह्या केल्या. त्या दिवसानंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरली नाही. दुसरं अंग पूर्ण झालं. आणि इंधनातून आजवर हवेत गेलेल्या कर्बापैकी निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. त्यात चीनचा मोठा वाटा आहे, आपलाही आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. मुंबई-पुण्यातला सधन माणूस आणि पालम तालुक्यातली शेतमजूर बाई यांना ‘भारत’ या एकाच नावाखाली मोजणं हाही एक अन्यायच. तरीही एक गोष्ट राहतेच. न कळत घेतलेली वस्तू दुसऱ्याची आहे हे कळल्यावरही जो ती धरून ठेवतो, त्याला तिथून पुढे तरी निर्दोष म्हणता येणार नाही. आणि त्याने ती परत केली, तर त्याला दाता म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं सगळं या एका वाक्यापाशी येतं, कारण प्रत्यक्षात घडतं ते याच्या उलट. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत दर वर्षी १०० अब्ज डॉलर गरीब देशांसाठी उभे करू. तो आकडा त्यांच्याच हिशोबाने २०२२ मध्ये पहिल्यांदा गाठला गेला, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग कर्ज होता. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताने तिथेच उभं राहून विरोध नोंदवला. मला आकड्याच्या लहान-मोठेपणापेक्षा त्याचं रूप जास्त खुपतं. शंभरातले सत्तर रुपये परत मागितले जाणार असतील, तर आपण नेमकं कशाबद्दल आभार मानतो आहोत?

आमच्या भागात हा पैसा ‘पोकरा’ या नावाने आला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेने २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले, मराठवाडा आणि विदर्भातली, जळगावाकडची मिळून पाच हजारांहून अधिक गावं त्यात आली. शेततळी, ठिबक, बीजोत्पादन, फळबागा, भूमिहीनांना शेळ्या. मी यातली कामं पाहिली आहेत आणि ती चांगली आहेत. ज्या शिवारात मार्चनंतर पाण्याचा टँकर लागायचा तिथे उन्हाळी भाजीपाला उभा पाहिला आहे. पण ते ४२ कोटी डॉलर कर्ज आहे. विहारात मी हे सांगितलं तेव्हा एका शेतकरी बाईने विचारलं, “ताई, पाऊस बिघडवला त्यांनी, तळं खांदलं आपण, अन् पैसे फेडायचे बी आपणच?” माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, “पाणी तर आलं ना? मग नाव कायबी देवा.” आजोबांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पाण्याला नाव लागत नाही. पण फेडीला लागतं. ज्या करातून हे कर्ज फिटणार, तो कर ती बाईही भरते, साबणाच्या वडीवर, काडीपेटीवर.

अंगुत्तर निकायात बुद्धांनी कर्जाचं दुःख पायरीपायरीने सांगितलं आहे. संसारी माणसासाठी दारिद्र्य दुःख आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. व्याज देणं दुःख, वेळेवर न दिल्यावर तगादा लागणं दुःख, मागे माणसं लागणं दुःख, आणि शेवटी बांधून नेलं जाणं दुःख. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाला या सुत्ताचं भाष्य लागत नाही. त्याच निकायात अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात एक आहे अनणसुख, कुणाचं थोडं किंवा फार काहीच देणं नसल्याचं सुख. शेतकऱ्याला हवामानाशी जुळवून घ्यायला मदत करणारी योजना त्याच्या देशाच्या डोक्यावरचं देणं वाढवून येत असेल, तर ती एका हाताने सुख देते आणि दुसऱ्या हाताने ते काढून घेते.

मग द्यायचं कसं? याचं उत्तर मला दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात सापडतं. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या-दरोडे माजलेले असतात. पुरोहित त्याला सांगतो की या वेळी कर वाढवू नकोस, आणि मारून, बांधून, हाकलून चोर संपतील असंही समजू नकोस. जे शेती आणि गुरं राखण्याचं काम करतात त्यांना बियाणं आणि चारा दे, व्यापाऱ्यांना भांडवल दे, चाकरांना रोजी दे. पालीत बियाणं-वैरणीसाठी बीजभत्त असा शब्द आहे. तिथे द्यायचं म्हटलं आहे, उसनं द्यायचं म्हटलेलं नाही.

बीजभत्ताचं आपल्या काळातलं सगळ्यात सुंदर उदाहरण मला ओडिशात दिसतं. तिथल्या पूरग्रस्त भागात पिढ्यान् पिढ्या पेरल्या गेलेल्या एका स्थानिक भातातून एफआर १३ ए ही निवड झाली. साधं भात पाण्याखाली गेलं की हवा गाठण्यासाठी भराभर उंच वाढतं, त्यात जवळची सगळी साखर संपवतं आणि पाणी ओसरेपर्यंत मरतं. एफआर १३ ए वाढ थांबवतं, साठा राखून ठेवतं आणि पाणी उतरलं की पुन्हा फुटवे काढतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हा गुण हेरला. डेव्हिड मॅकिल, केनाँग शू आणि पामेला रोनाल्ड यांच्या कामातून त्यामागचं जनुक २००६ मध्ये जगापुढे आलं. मग ते स्वर्णा या आंध्रातल्या मारुतेरू केंद्राच्या, पूर्व भारतात घरोघर पेरल्या जाणाऱ्या वाणात आणलं, आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब १ भारतात प्रसारित झालं. दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली तग धरणारं भात.

मला यातलं विज्ञान आवडतंच, पण त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. ओडिशात काही संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतकऱ्यांना हे बियाणं दिलं आणि नीट मोजमाप केलं. पूर नसला तरी उत्पन्न घटत नाही आणि पूर आला की फरक ठळक दिसतो, एवढं तर अपेक्षित होतं. पण असंही दिसलं की सर्वाधिक लाभ अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना होणार, कारण पाणी साचणारी खोलगट जमीन त्यांच्याच वाट्याला आलेली आहे. गावाने ज्यांना वाईट जमीन दिली, त्यांच्यापर्यंत एक बी पोहोचलं. पुढच्या अभ्यासात हेही दिसलं की पुराची धास्ती कमी झाल्यावर ते शेतकरी शेतात जास्त पैसा आणि कष्ट घालू लागले. महाविजिताच्या पुरोहिताचं म्हणणं बालेश्वर-भद्रकच्या चिखलात खरं ठरताना पाहणं, हे माझ्यासारख्या शेतीच्या मास्तरणीला किती मोठं वाटतं, ते मी सांगू शकत नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब कटकला ओडिशाच्या नद्यांबद्दल बोलले होते. पुराचं पाणी हाकलून लावायची आपत्ती नाही, ते साठवून लोकांच्या उपयोगी आणायचं आहे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच प्रांतातल्या मातीतून हे भात आलं.

आणि ते मूळ बियाणं कुणाचं? ज्या शेतकऱ्यांनी ते राखलं त्यांनी कुणाकडे व्याज मागितलं नाही. बियाण्याची गंमत अशी की ते दिल्याने कमी होत नाही. आभाळातली जागा वापरली की संपते. पायलीभर बी शेजारणीला दिलं तर पुढच्या वर्षी दोघींकडे असतं. २००१ च्या आपल्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखायचा, अदलाबदल करायचा हक्क मानला आहे. म्हणून मला वाटतं, श्रीमंत देशांच्या परतफेडीचा पहिला वाटा सार्वजनिक कृषी संशोधनाला मिळावा, तोही कर्ज म्हणून नाही. बदनापूरची लवकर येणारी तूर, परभणीची ज्वारी, या वाणांमागे सरकारी केंद्रांतल्या माणसांची उभी हयात आहे, आणि त्या केंद्रांत आज कितीतरी पदं रिकामी आहेत. २०१७-१८ मध्ये जगभरच्या हवामान निधीतला लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेला वाटा मोजला गेला, तो १.७ टक्के होता.

बाहेरच्यांकडे हिशोब मागताना घरातला हिशोबही मांडावा लागतो. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले. मराठवाड्यात आमच्या कितीतरी कुटुंबांनी गायरानं फोडून कसायला घेतली. काहींचे कब्जे नियमित झाले, पुष्कळांचे झाले नाहीत. त्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे ठिबक नाही, शेततळं नाही. मला प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईचं वावर असंच गायरानातलं, ओढ्याकाठचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्यात तिची माती खरवडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला आलेल्या माणसाने बांधावर उभं राहून ते सगळं पाहिलं. लिहून घेतलं नाही, कारण कागदावर गट क्रमांक आणि खातेदाराचं नाव लिहायचं होतं.

आभाळ न विचारता घेणाऱ्यांकडून परतफेड मागायची आणि ती आली की गावात पुन्हा सातबाऱ्यापाशी अडवायची, हे दुसऱ्या शीलात बसत नाही. विहाराच्या वतीने आम्ही तहसीलला अर्ज दिला आहे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, जमीन कोण कसतं याची नोंद पंचनाम्यात व्हावी, एवढीच त्यात मागणी आहे. अर्जाखाली त्या बाईचा अंगठा पहिला आहे.