व्याज लिहिणाऱ्याचा पगार

जानेवारी २०१८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमचा एक फतवा देशभर गाजला. बँकेच्या कमाईवर चालणाऱ्या घराशी सोयरीक टाळलेली बरी, असा त्याचा आशय. वाहिन्यांना हसायला विषय मिळाला. ज्यांच्या घरात बँकेचा पगार येतो, त्यांना हसू आलं नसावं. कारण यामागची हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली आहे. व्याज खाणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि दोन साक्षीदार, सगळे सारखेच दोषी! सावकाराबरोबर कारकूनही आला. (आता व्याज संगणकच मोजतो नि पासबुकात छापतो. मग लिहिणारा कोण धरायचा?)

कोकणातल्या मुसलमानांपुढे हा पेच जुनाच. आखाताचा पैसा येतो तो बँकेतच. खात्यावर चढलेलं व्याज बरेच भाविक पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबाला देऊन मोकळे होतात. खातेदाराला ही वाट आहे. काउंटरपलीकडच्या माणसाचा मात्र अख्खा पगारच संशयात.

रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवरचं पावस या प्रश्नाला दुसरं उत्तर देतं. ज्ञानेश्वरी अभंगांत आणणाऱ्या स्वामी स्वरूपानंदांची समाधी इथली. ज्ञानेश्वरी ज्या गीतेवर आहे, तिचा अठरावा अध्याय सांगतो की आगीला धूर तसा प्रत्येक कर्माला दोष असतोच. म्हणून वाट्याला आलेलं काम टाकू नये. इस्लामी धर्मशास्त्र इतकी मोकळीक देत नाही, पण अगदी दारही लावत नाही. नाइलाजाला तिथे सवलत आहे, आणि युसूफ अल-करजावींसारख्या विद्वानाने बँकेतल्या नोकरीला मुभा दिली होती. १९८९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी तर सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा वैध ठरवला.

भारतात बिनव्याजी बँकेचा पर्याय नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये शिफारस केली, २०१६ मध्ये बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने छोटा प्रयोग केला. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं.

आखातात मात्र बिनव्याजी चालणारी दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून आहे. तिथल्या कर्मचाऱ्याचा मूळ पेच सुटलेला असतो, आणि हे समाधान बँकेला फुकटात मिळतं. अब्बास अली यांनी १९८८ मध्ये इस्लामी कार्यनीती मोजायची प्रश्नावली केली; तेव्हापासून अभ्यासक ती कामावरच्या समाधानाशी ताडून पाहतात. पण शुद्ध कमाई म्हणजे न्यायी साहेब नव्हे. धर्माच्या नावावर राबवून घेणं उलट सोपं जातं.

खरं तर मालकाच्या बाबतीत हदीसच जास्त कडक आहे. घाम सुकण्याआधी मजुरी द्या. हाताखालचे तुमचे भाऊ आहेत. तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, झेपणार नाही ते काम सांगू नका, सांगितलंत तर स्वतः हात लावा. अमिरातीत रमजानात कामाचे दोन तास कायद्यानेच कमी होतात, तेही सर्वधर्मीयांना. हे त्याच वळणाचं. जुम्म्याच्या नमाजाला तासभर सोडणंही साहेबाला जड जात नाही. अडतं ते टार्गेटपाशी. मार्चअखेर रात्री नऊपर्यंत थांबलेल्या कारकुनाशेजारी खुर्ची ओढून बसणारा मॅनेजर, बँक व्याजी असो वा बिनव्याजी, शोधावाच लागतो.