तिथी ठरलेला अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेने केली जाते. अवचित दारी आलेल्याला पाणी द्यावे, पाट मांडावा आणि घरात असेल ते वाढावे, ही आपली रीत. परंतु दोन महिने आधी दिवस नक्की करून, निम्मी रक्कम आगाऊ भरून आणि उरलेली निघताना चुकती करून जो परक्याच्या घरात चार दिवस राहतो, त्याला काय म्हणावे? त्याची तिथी तर ठरलेली असते. तो ग्राहक की पाहुणा? आणि भाडे दिल्यावर त्याच्याकडे घरधन्याचे काही देणे उरते काय? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आम्हांलाही तो तसाच वाटत होता.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागांच्या एका गावी, तीन रात्रींसाठी घर भाड्याने घेतले. शहराच्या गजबजाटातून मुलाबाळांना मोकळ्या हवेत न्यावे, एवढाच हेतू. फ्रान्समधील द्राक्षांच्या खेड्यांत असे घर घेऊन सुटी घालविण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिचा उगम विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील खेडी ओस पडू लागली, घरे ढासळू लागली. तेव्हा १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण पायथ्याकडील एका खेड्यात असे पहिले घर सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरमालकांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. शेतकऱ्याचे घर टिकावे आणि बेताच्या मिळकतीच्या शहरवासी कुटुंबालाही सुटी मिळावी, असा दुहेरी उद्देश त्यामागे होता. आपल्याकडेही पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावी १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. पुढे नाशिकजवळ सावरगावच्या परिसरात वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ पर्यटक आले. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. तेव्हा आम्ही काही जगावेगळे करीत होतो असे नव्हे.

पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या रात्री थंडी एकाएकी वाढली. मध्यरात्रीनंतर खोलीत धूर शिरू लागला. धाकट्या मुलीला खोकल्याची उबळ आली, आमची वृद्ध आई उठून बसली. खिडकीतून पाहिले तर बागेत जागोजागी शेकोट्या पेटलेल्या. आमचा संताप अनावर झाला. मोजून पैसे दिले ते काय धूर खाण्यासाठी? विजेरी घेऊन आम्ही तडक बागेकडे निघालो. घरधन्याला काय सुनवायचे, त्याची वाक्येही मनात जुळविली होती.

बागेच्या बांधावर ते सारे कुटुंब जागे होते. पारा चार-पाच अंशांवर उतरला की फुगवणीला आलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून काडीकचरा पेटवून बागेत ऊब धरावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीपासून आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून केलेला सारा खर्च त्या एका रात्रीवर टांगलेला होता. जवळच ट्रॅक्टरच्या शेडमध्ये तीन अंथरुणे घातलेली दिसली. तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले की, आम्ही घेतलेले घर हे त्यांचे राहते घर होते. आम्हांला खोल्या मिळाव्यात म्हणून ती माणसे नाताळच्या त्या थंडीत पत्र्याखाली निजत होती. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच शेकोटीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली, ‘‘धुराचा तरास होतोय का? वाऱ्याकडची खिडकी लावून घ्या. पांघरूण कमी पडत असंल तर माझी गोधडी न्या.’’

जुळविलेली वाक्ये तशीच गिळून आम्ही परतलो. त्या रात्री झोप आली नाही, ती धुरामुळे नव्हे.

आम्ही कसबा पेठेत राहतो. आमच्या वाड्यापासून तांबट आळी हाकेच्या अंतरावर आहे. तांब्याच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा नाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एखादा पाहुणा ‘हा काय ठणठणाट!’ म्हणाला, तर आम्हीच त्याला सुनावतो, की बाबा रे, हा त्यांच्या पोटाचा आवाज आहे आणि तो आमच्या आधीपासून येथे आहे. हीच समजूत दिंडोरीला जाताना आम्ही घरी का ठेवून गेलो? उत्तर सरळ आहे. तेथे आम्ही पैसे मोजले होते. पैसे मोजले की माणसाला वाटते, आपण जागाच नव्हे तर तेथील हवा, शांतता आणि माणसांची झोपही विकत घेतली.

येथे कोणी म्हणेल, मग पैसे देऊच नयेत काय? तसे नाही. फुकटच्या पाहुणचारात मिंधेपणा असतो, आणि ज्याच्याकडे परतफेडीची ऐपत नाही त्याला तो अधिक जाचतो. रास्त भाडे हे यजमानाचाही मान राखते. त्या कुटुंबाला ते तीन रात्रींचे पैसे औषधफवारणीच्या उधारीसाठी हवे होते. ते देणे हे दानही नव्हते आणि उपकारही नव्हते. संत पौल करिंथ येथे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर तंबू बनविण्याचे काम करीत असे. कोणावर भार टाकावयाचा नाही, हा त्याचा बाणा होता. परंतु पुढे रोमकरांस पत्र लिहिताना त्याच दांपत्याला तो नावाने सलाम धाडतो आणि त्यांचे उपकार मानतो. कष्टाने भाकरीची भरपाई झाली होती, तरी आसऱ्याचे ऋण त्याने फिटले असे मानले नाही.

आमच्या मते येथे दोन निरनिराळी खाती आहेत. एक वापराचे. ते रुपयांत मांडता येते आणि चुकते करता येते. दुसरे आसऱ्याचे. आपले अंथरूण उचलून दुसऱ्यासाठी जागा करणे याला बाजारभाव नाही, म्हणून ते पैशाने मिटतही नाही. फ्रेंच भाषेत यजमान आणि पाहुणा या दोघांनाही एकच शब्द आहे. भाषेने केलेला हा गोंधळ नसून तिने ओळखलेले सत्य असावे. एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभी असलेली ती माणसे आहेत, आणि बाजू बदलावयास वेळ लागत नाही.

आमची बाजू तर कधीच बदललेली होती. कसब्यातील त्या वाड्यात आमचे वडील नगर जिल्ह्यातून येऊन भाडेकरू म्हणून राहिले, त्याला साठांहून अधिक वर्षे झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली, तरी मूळ रक्कमच एवढी अल्प की दिंडोरीच्या एका रात्रीच्या भाड्यात आमचे वाड्यातील अनेक महिने निघाले असते. त्या कायद्याने आमच्यासारख्या असंख्य गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण वाड्याच्या मालकीणबाई त्या भाड्यात कौले कशी शाकारणार, हा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता. पावसाळ्यात गळती लागली की आम्ही त्यांच्या दारी तक्रार घेऊन जात होतो. एके ठिकाणी पुष्कळ देऊन सारे विकत घेतले असे मानले, दुसऱ्या ठिकाणी अल्प देऊन सारे हक्काचे मानले. चूक दोन्हीकडे एकच, पावती हातात आली की माणूस दिसेनासा होणे.

पुण्यास परतल्यावर आम्ही वाड्यातील बिऱ्हाडांना एकत्र बोलावून छपराच्या खर्चाचा वाटा उचलण्याची गोष्ट काढली. काहींनी होकार दिला, काहींनी कायदा दाखविला. आम्ही आमचा वाटा दिला. मालकीणबाईंनी पैसे मोजून घेतले आणि चहा टाकला. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात बसून चहा घेण्याची आमची ती पहिलीच वेळ होती.

या नाताळलाही आपल्यापैकी अनेक कुटुंबे कोठे ना कोठे घर घेऊन राहतील. त्यांनी अवश्य जावे, भाव करावा, रास्त भाडे द्यावे. मात्र दिवस ठरविताना एक प्रश्न जरूर विचारावा : आम्ही आलो तर तुम्ही कोठे झोपाल?