वैशाखातली बाव

पुण्याहून एक कुटुंब रेडीला राहायला आलं. बायको परिचारिका, तिची या भागात बदली झाली होती. नवरा पुण्यातल्याच एका कचेरीचं काम घरी बसून संगणकावर करायचा. सोबत त्याचे वडील, म्हणजे अण्णा, आणि आठ वर्षांची मुलगी.

रेडी हे वेंगुर्ला तालुक्यातलं गाव, महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक. पुढे तेरेखोलचा किल्ला आणि तिथून गोवा सुरू. गावात यशवंतगड आहे, बंदर आहे, लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि खाणीच्या जमिनीत १९७६ साली सापडलेली द्विभुज गणपतीची मोठी मूर्ती आहे. कुटुंब आलं तेव्हा वैशाख होता. आभाळ निरभ्र, माड शांत, समुद्र आरशासारखा.

घर एका वयस्क काकींचं होतं. सामान लागलं, चूल पेटली, आणि दुसऱ्याच दिवशी घरात प्रश्न निघाला : टीव्ही आणि इंटरनेट कुणाचं घ्यायचं? प्रश्न चैनीचा नव्हता. इंटरनेट बंद म्हणजे नवऱ्याचा दिवस बुडाला. अण्णांची संध्याकाळ बातम्यांवर आणि एका मालिकेवर जायची. मुलीचा अभ्यासही आता अर्धा वहीत आणि अर्धा पडद्यावर होता.

तीन माणसं घरी येऊन गेली.

पहिल्यानं गुळगुळीत रंगीत पत्रक दिलं. वेग तीनशे एमबीपीएस, वाहिन्या तीनशे, वर सिनेमांची ॲप सहा महिने फुकट. अट एकच, वर्षाचे पैसे आधी भरायचे. दुसरा छतावरच्या डिशचा विक्रेता. त्याचं चित्र स्वच्छ, बसवायला अर्धा तास, पण इंटरनेट नाही. तिसरा गावातलाच केबलवाला. जुनी मोटरसायकल, खांद्यावर वायरचं भेंडोळं. त्याचा वेग पन्नास, पैसे महिन्याच्या महिन्याला. पत्रक नव्हतंच. वहीचं पान फाडून त्यावर त्यानं आपला नंबर लिहून दिला.

नवरा हिशोबी होता. त्यानं कागदावर तीन रकाने आखले आणि वेग, वाहिन्या, दर सगळं मांडलं. दरावर अठरा टक्के जीएसटी धरला. एमबीपीएसमधला आकडा आठनं भागायचा तेव्हा दर सेकंदाला किती मेगाबाइट उतरतात ते कळतं, हेही त्याला ठाऊक होतं. सगळं मांडल्यावर पहिला रकाना उठून दिसत होता. तो पैसे भरायला निघाला.

काकी पडवीत सुपात आमसुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झिला, पैसे मागीर भर. आधी माका दोन कळशे पाणी आणून दी."

घराला दोन विहिरी होत्या. एक अंगणात, दाराला लागून, चिऱ्यांनी सुरेख बांधलेली, कठड्यावर तुळस. दुसरी खाली कुळागरात, साधी, कठडाही पडका. नवरा अर्थातच अंगणातल्या विहिरीकडे गेला आणि वाकून बघितलं. तळाशी फणसाची वाळलेली पानं आणि भेगाळलेला गाळ. पाण्याचा थेंब नव्हता. मग तो पाखाडी उतरून कुळागरात गेला. तिथं पोफळींच्या सावलीत पुरुषभर पाणी होतं, थंड आणि नितळ.

तो कळशा घेऊन वर आला तेव्हा काकी सांगू लागल्या. त्यांच्या सासऱ्यांना अंगणातल्या विहिरीची जागा कुणीतरी श्रावणात दाखवली होती. चार हातांवर पाणी लागलं, सगळ्यांना आनंद झाला, चिरे आणून ती थाटात बांधली. शिमगा आला आणि पाणी तळाला गेलं. मग सासऱ्यांनी पुढचा वैशाख येईपर्यंत वाट पाहिली. गवत कुठं हिरवं राहतं, माती कुठं ओलसर राहते ते पाहिलं, आणि तिथं दुसरी विहीर खणली.

"पावसात सगळ्योच बावी भरतत," काकी म्हणाल्या. "वैशाखात खयची उरता, ती खरी. बाव बघूची ती वैशाखात. आणि घराचा छप्पर बघूचा ता आषाढात. तुझ्या ह्या इंटरनेटाचो वैशाख खयचो, ता आधी शोध."

नवरा कागद हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं तिघांना पारखलं होतं ते वैशाखात, निरभ्र आभाळाखाली. पण कोकणातल्या तारेची आणि डिशची परीक्षा आषाढात होते. आज तिघांचंही चालू होतं, जशा श्रावणात दोन्ही विहिरी भरलेल्या असतात.

त्या संध्याकाळी त्यानं कागदाची मागची कोरी बाजू घेतली आणि तो गावात फिरला. किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला, समुद्राकडे पर्यटकांना खोल्या देणारं एक कुटुंब, सगळ्यांना त्यानं दोनच प्रश्न विचारले. गेल्या आषाढात तुमचं किती दिवस बंद होतं? आणि बंद पडल्यावर कोण आलं, किती वेळानं आलं?

उत्तरांतून त्याला बरंच कळलं. डिशला सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून लहरी येतात. मुसळधार सरीत पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि चित्र जातं. सर ओसरली की परत येतं. बातम्या पाहणाऱ्याला हे चालून जातं. उरलेल्या दोघांची तार फायबरची, म्हणजे काचेचा केसासारखा तंतू, त्यातून प्रकाश धावतो. पावसानं तो प्रकाश विझत नाही आणि तांब्याच्या तारेसारखी त्यातून वीजही वाहत नाही. पण तार खांबांवरून आणि झाडांमधून जाते, झावळ पडली की तुटते. शिवाय वीज गेली की घरातला राउटर बंद, आणि वाटेतल्या पेटीला बॅटरी नसेल तर घरात इन्व्हर्टर असूनही उपयोग नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, जिल्ह्यात ठिकठिकाणी विजेचे खांब आडवे झाले. त्या दिवसांत कोण फिरकलं आणि कोण नाही, हे लोकांना अजून आठवत होतं.

पत्रकवाल्याबद्दल लोक एवढंच म्हणाले की तक्रारीचा नंबर लागतो, तक्रार नोंदली जाते, माणूस मात्र लवकर येत नाही. केबलवाल्याबद्दल म्हणाले, "तार त्याचीय तुटता. पण तो येता."

मग त्यानं घरातल्यांची गरज लिहिली. एका स्वच्छ चित्राला पाच एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ बैठकीलाही साधारण तेवढेच. तिघं एकाच वेळी बसले तरी पन्नासात भागतं. तीनशे वाहिन्यांपैकी अण्णा पाहत होते चार. फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडता येतात, पण अण्णांना तेवढंही नको होतं. "मला सह्याद्री लागली की झालं," ते म्हणाले. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं शुल्क नसतं, अँटेना आणि पेटी एकदा विकत घेतली की झालं.

निर्णय झाला. इंटरनेट केबलवाल्याचं, पन्नासचं, महिन्याच्या महिन्याला. अण्णांसाठी फ्री डिश. वर्षाचे आगाऊ भरायचे जे पैसे वाचले, त्यातून राउटरला चार-पाच तास पुरेल अशी छोटी बॅटरी. केबलवाल्याला त्यानं एकच गोष्ट विचारली, "वाटेतल्या पेटीला बॅटरी आहे ना?" त्यानं मोटरसायकलवर मागे बसवून नेलं आणि पेटी उघडून दाखवली.

मिरग आला, ज्येष्ठ सरला, आषाढ लागला. एका रात्री असा वारा सुटला की माड जमिनीला टेकतील असं वाटावं. अण्णांचं चित्र गेलं, सर ओसरताच परत आलं. पण रात्री अकराला फणसाची फांदी मोडून तारेवर पडली आणि इंटरनेट बंद झालं. सकाळी दहाला नवऱ्याची महत्त्वाची बैठक होती. त्याच्या मनात आलं, पत्रकवाल्याचं घेतलं असतं तर? त्यानं वहीच्या पानावरचा नंबर लावला.

सकाळी सातला, पाऊस कोसळत असताना, मोटरसायकल दाराशी थांबली. केबलवाल्यानं फांदी बाजूला केली, पडवीत बसून तंतूची टोकं पुसली, छोट्या यंत्रात समोरासमोर धरली आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून जोडली. नऊच्या आत राउटरचा दिवा हिरवा झाला. त्याच वादळात वरच्या वाडीतल्या एका घराचंही कनेक्शन तुटलं होतं. तिथं वर्षाचे पैसे आधीच भरलेले होते. त्यांची तक्रार नोंदली गेली होती, आणि आठवडाभर ती नोंदलेलीच राहिली.

काकींनी केबलवाल्याला चहा दिला. नवरा म्हणाला, "काकी, तुटणार नाही अशी तार मला मिळाली नाही."

"तशी खयच नाय," काकी म्हणाल्या. "तुटल्यावर जोडूक येतलो, तसो माणूस गावलो ना?"

तीन वर्षांनी बायकोची बदली पुन्हा पुण्याला झाली. नवीन इमारत, नवीन शेजार, दाराच्या फटीतून आत सरकवलेली पाच पत्रकं. नवऱ्यानं ती बाजूला ठेवली. इथला वैशाख वेगळा होता. रात्री नऊला सगळी इमारत एकदम टीव्ही लावते तेव्हा वेग किती उरतो? रस्ता खणताना तार तुटली तर कोण येतं? तो जिना उतरला आणि शेजाऱ्याची बेल दाबली. सोबत मुलगी होती, आता अकरा वर्षांची. दार उघडताच तीच म्हणाली, "काका, तुमचं गेल्या वर्षी किती दिवस बंद होतं?"

तात्पर्य : चांगल्या दिवसांत सगळेच चांगले दिसतात. ज्याच्याशी रोजचा व्यवहार करायचा, त्याची पारख त्याच्या कठीण दिवसावरून करावी. आपली गरज आधी मोजावी, आणि ज्यांनी तो कठीण दिवस पाहिला आहे त्यांना विचारावं.