सूडाचा चित्रपट आणि आपली मुले



दृढीकरणाच्या वर्गातील काही मुलांनी ‘बदलापूर’ हा हिंदी चित्रपट मोबाईलवर पाहिल्याचे कळल्यावर दोन पालक आम्हांला येऊन भेटले. एकाची मागणी, असले चित्रपट पाहणे पाप आहे असे प्रवचनात ठणकावून सांगा. दुसऱ्याचे म्हणणे उलट. सूड घेणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच लागत नाही हेच तर त्या चित्रपटात दाखवले आहे, मग तात्पर्य चांगलेच नाही का? न पाहता मत देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही तो पाहिला.

श्रीराम राघवन यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. पुण्यात बँक लुटून पळणारे दोघे जण एका तरुण आईची गाडी बळकावतात. त्यात ती आणि तिचा लहान मुलगा मरतात. लुटारूंपैकी लियाक पकडला जातो, दुसरा निसटतो. तिचा नवरा रघू बदलापूरला जाऊन राहतो आणि पंधरा वर्षे वाट पाहतो. पुढचे सांगितल्याशिवाय विषय सरकणार नाही, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी रागावू नये. रघू निसटलेल्या साथीदाराला शोधून ठार मारतो आणि त्याच्या बायकोलाही, जिचा त्या लुटीशी काही संबंध नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सेन्सॉर बोर्डाने या चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना तो थिएटरात पाहता येत नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ मध्येही ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे आले आहेत. पण मोबाईलला दारावर उभा राहणारा तिकीट तपासनीस नसतो, म्हणून प्रश्न घरात येतो.

एका मुलाने आम्हांला विचारले, “फादर, बायबलमध्ये काय कमी मारामारी आहे?” प्रश्न खरा आहे. उत्पत्तीच्या ३४व्या अध्यायात दीनावर अत्याचार होतो. तिचे भाऊ शिमोन आणि लेवी त्या नगरातील पुरुषांना सुंता करायला लावतात आणि ते वेदनेत पडलेले असताना सर्वांची कत्तल करतात. कराराची पवित्र खूण त्यांनी सापळा म्हणून वापरली. याकोब रागावतो, पण अध्यायात शेवटचा शब्द भावांचाच आहे. त्यांच्या क्रोधाला याकोब शाप देतो तो थेट ४९व्या अध्यायात, मृत्युशय्येवर. मधले चौदा अध्याय वाचकाने ते ओझे वाहायचे असते. हा अध्याय देवाच्या ग्रंथातला आहे, तरी प्रथम ख्रिस्तशरीराच्या वर्गात आपण तो शिकवत नाही. एखादी गोष्ट खरी असणे वेगळे आणि ती पेलण्याचे वय येणे वेगळे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचला. शोकनाट्य पाहून करुणा आणि भय यांचा निचरा होतो, असे त्याचे मत. संत ऑगस्टीनने मात्र आपल्या मित्राची, अलीपियसची, हकिकत लिहून ठेवली आहे. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या या तरुणाला मित्रांनी ओढून तलवारबाजांच्या जीवघेण्या खेळाला नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. गर्दी ओरडली तसे त्याने डोळे उघडले आणि त्या रक्ताची त्याला नशा चढली. डोळे मिटले होते, कान उघडे होते. आम्हांला मुलांबद्दल काळजी वाटते ती इथे. चार मुले एका मोबाईलभोवती बसतात, एक जण “मार त्याला” म्हणतो, मग सगळेच म्हणतात. (हाच अलीपियस पुढे बिशप झाला, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.)

आता चित्रपटाविषयी आमचे मत. रक्त किती सांडले यावर आम्ही तो मोजत नाही. आई आणि मूल मरताना पाहून आपण सगळेच रघूच्या बाजूला जातो आणि सूड मागू लागतो. मग दिग्दर्शक तीच मागणी आपल्यासमोर पुरी करतो, एका निरपराध बाईवर हातोडा चालवून. आपणच मागितलेल्या गोष्टीची आपल्याला किळस यावी, यासाठी सारा खटाटोप आहे. प्रौढ माणसाला ती येते. चौदा वर्षांच्या मुलाला येईलच असे नाही. त्याला वरुण धवन ठाऊक आहे तो नाचगाण्यांच्या चित्रपटांतला, आणि आवडता नट जे करतो ते बरोबर, असे वाटण्याचे ते वय असते. शिवाय रघू स्त्रियांना सूडाचे साधन करून ज्या तऱ्हेने अपमानित करतो, ते आम्हांला हातोड्याहून जड वाटले. ज्याने अजून प्रेम पाहिलेले नाही त्याने स्त्रीदेहाची पहिली ओळख अशी करून घेऊ नये.

पण पहिल्या पालकांशीही आम्ही सहमत नाही. नायक शंभर माणसे लोळवतो आणि आरती ओवाळून घरात येतो, असे चित्रपट आपण मुलांना शेजारी बसवून पाहतो. मेलेल्यांना तिथे चेहरा नसतो, बायकापोरे नसतात. रक्त कमी दिसते म्हणून आपल्याला चालते. आमच्या मते ते अधिक बिघडवतात.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की अपराध्याला शिक्षा करणे मुळात पाप नाही. मन कशावर थांबते ते पाहावे. दुसऱ्याचे वाईट व्हावे एवढ्यावरच ते थांबले तर तो द्वेष. मरणासन्न लियाकला सोडावे म्हणून एक समाजसेविका रघूकडे येते. तो पुढे संमती देतो, पण साथीदाराचा माग लागावा म्हणून. दयेचाच सापळा केला, शिमोन आणि लेवीसारखा. शेवटी रघूने केलेले खून लियाक स्वतःवर घेतो. त्याला लगेच येशूचे चित्र म्हणण्याची घाई नको, तो संत नाही. पण मिळालेल्या त्या संधीचे रघू काय करील, हे चित्रपट सांगत नाही.

तेव्हा अठरा वर्षांखाली हा चित्रपट दाखवू नये, आणि युवक मंडळाने सभागृहासाठी विचारले होते, त्यालाही आमचा नकार आहे. ज्यांनी आधीच पाहिला आहे त्यांना मारझोड करू नये. आपल्यातल्या काही घरांत बांधावरून किंवा वाटणीवरून दोन पिढ्यांचा अबोला आहे, आणि जेवताना त्या शेजाऱ्याचे नाव कसे घेतले जाते ते मुले रोज ऐकतात. तिथे ‘ए’ प्रमाणपत्र कोण देणार? आईवडिलांनी मुलाजवळ बसावे आणि त्या बाईला मारताना तुला काय वाटले, एवढेच विचारावे. उत्तर येईपर्यंत आपण बोलू नये.