चंदन आणि क्लच

झिजण्याला आपल्याकडे फार मान. देशासाठी झिजावं, मुलाबाळांसाठी झिजावं, आणि तेही चंदनासारखं झिजावं, असं प्रत्येक निरोप समारंभात कोणी ना कोणी सांगतोच. मोटारीच्या क्लचला मात्र जन्मभर झिजूनही कोणी शाल-श्रीफळ दिल्याचं ऐकिवात नाही. कारण उघड आहे. चंदन झिजलं की सुवास येतो. क्लच झिजला की जळका वास!

तसा बिचारा क्लच काही लपवत नाही. पेडल पार वर आल्याशिवाय गाडी उचलत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. (अशी माणसं आमच्या बँकेतही आहेत, पण त्यांना युनियन आहे.) खात्रीच करायची तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढावा, गाडी वरच्या गिअरात टाकावी आणि क्लच सोडावा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गपकन बंद पडतं. गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. बंद पडणं हे उत्तम प्रकृतीचं लक्षण मानणारी ही जगातली एकमेव तपासणी असावी.

एवढं कळूनही निर्णय होत नाही. कारण पेडल महिन्याला केसभर वर येतं आणि पायही केसभर सवय करून घेतो. मग एके दिवशी मेहुणा गाडी चालवायला घेतो आणि बोंब मारतो.

त्यात आम्ही कॉमर्सवाले! घटत्या शिलकीच्या पद्धतीनं दरसाल 15 टक्के घसारा काढला, तरी दहा वर्षांनी शंभराचे जवळजवळ 20 रुपये उरतात आणि शून्य तर कधीच होत नाही. वहीत वस्तू अमर असते. प्लेटच्या अस्तराला हे मान्य नाही. ते संपलं की खालचे रिव्हेट वर येतात आणि फ्लायव्हीलला चरे पाडतात. प्लेटचे वाचवलेले पैसे फ्लायव्हीलकडून वसूल होतात.

म्हणून 'अजून किती चालेल?' हा प्रश्नच चुकीचा. 'नाही चाललं तर भुर्दंड कोणाला?' हे विचारावं. खंबाटकीच्या चढावर मागं मालट्रक आणि मागच्या सीटवर सत्तरीची आई असेल, तर ही काटकसर आपण दुसऱ्याच्या जिवावर करत असतो.

आणखी एक गंमत. क्लच पूर्ण दाबला तर अस्तर झिजत नाही, पूर्ण सोडला तरी नाही. झिजतं ते हाफ क्लचवर. 'बदलू की नको' करत सहा महिने घालवणारा मालकही हाफ क्लचवरच असतो. झीज क्लचची होते तशी त्याचीही.

घसरतो आहे असं कळलं की गिअरबॉक्स उतरवावा, आणि उतरवलाच आहे तर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदलून घ्यावं, मजुरी तेवढीच. त्यात कृतघ्नपणा काही नाही. अहो, चंदनाचं खोडसुद्धा सहाणेवर बोटं घासायला लागली की आपण बदलतोच ना?