कुळाच्या नावामागचे हात

कुंभकोणमजवळच्या तिरुप्पनंदाळच्या अरुणजटेश्वर मंदिराशी कुंगुलिय कलय नायनार या शैव संतांची कथा जोडलेली आहे. कललेले शिवलिंग राजाला आणि त्याच्या हत्तींना हलवता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गळ्याला दोर बांधून ते सरळ केले, असे बाराव्या शतकातले पेरियपुराण सांगते. पण संसाराच्या दृष्टीने त्यांची आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. घरात अन्न नव्हते, मुले उपाशी होती. बायकोने आपले मंगळसूत्र काढून धान्य आणायला दिले आणि नवऱ्याने त्याचा गुग्गुळ घेऊन देवापुढे जाळला. देव प्रसन्न झाला, घर धान्याने भरले, त्रेसष्ट नायनारांत नवऱ्याची गणना झाली. भक्तिकथेला जमाखर्चाचे नियम लावू नयेत, हे मान्य. तरी घर जगवणाऱ्या बाईचा त्याग सगळ्यांना दिसावा आणि नोंद मात्र दुसऱ्याच्या नावे व्हावी, ही रीत कथेपुरती राहिलेली नाही. ती आपल्या जमीनविषयक कायद्यांत उतरली आहे. शेतकऱ्याची बायको राबते, याबद्दल कोणाला कधी शंका नव्हती. तिच्या राबण्याने हक्क कोणाचा सिद्ध होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फार सावकाश बदलत आले आहे.

कावेरी आणि कोल्लिडम यांच्या या भातमुलखात 'शेतकऱ्याची बायको' ही एकच बाई कधी नव्हती. ज्या ब्राह्मण आणि वेळ्ळाळ मिरासदारांच्या हाती जमिनी होत्या, त्यांच्या घरच्या बाईने शेतात पाऊल न टाकणे हीच घराची प्रतिष्ठा मानली जाई. चिखलात उतरून लावणी आणि निंदणी केली ती दलित मजूर बायकांनी आणि छोट्या कुळांच्या घरच्या बायकांनी. बाईच्या नावे मुलूख लागतच नसे, असेही नाही. शिवाजी महाराजांनी व्यंकोजीराजांशी केलेल्या तहात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी बंगळूरकडचा मुलूख दिला होता. 1855 पर्यंत टिकलेल्या तंजावरच्या मराठी राज्याची सुरुवात व्यंकोजीराजांपासून झाली. पण असा मुलूख मिळायचा तो घराण्याच्या मानामुळे. कष्टामुळे बाईला जमीन द्यावी, ही कल्पना दरबारात नव्हती आणि वावरातही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आली, तेव्हा ही कल्पना रुजायला हवी होती. तिरुप्पनंदाळच्या काशी मठासारख्या संस्थांच्या जमिनी कुळांकडे असलेल्या या भागात कूळकायद्याचे महत्त्व मोठे होते. 1955 च्या मद्रास कायद्याने संरक्षित कुळाची व्याख्या केली ती अशी: जमिनीत जो स्वतःचे किंवा कुटुंबातल्या व्यक्तीचे शारीरिक श्रम घालतो, तो. मुंबई राज्याच्या 1948 च्या कूळकायद्यातही जातीने कसणे म्हणजे स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या श्रमाने कसणे, असाही अर्थ होता. दोन्ही कायद्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांच्या रचनेत बायकोचे श्रम मोजले गेले आणि ते नवऱ्याच्या हक्काचा पुरावा ठरले. तिने लावणी केली, म्हणून तो कूळ झाला. मुंबईच्या कायद्यात विधवेला अज्ञान मुले आणि अपंग व्यक्ती यांच्या रांगेत बसवले होते. तिने गडीमाणसांकडून शेत करून घेतले तरी ते जातीने कसणे मानावे, अशी ती सवलत होती. नवरा असताना जिचे हात कायद्याला पुरेसे होते, ती नवरा गेल्यावर कसण्यास असमर्थ ठरली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला वारसा दिला, पण कुळाचे हक्क कोणाकडे जावेत याचे नियम त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. ती पळवाट 2005 मध्ये बुजली.

पुढचा टप्पा मोजणीचा. 1974 च्या 'समानतेकडे' या अहवालाने आणि 1988 च्या इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील 'श्रमशक्ती' अहवालाने अदृश्य कामाचा प्रश्न सरकारदरबारी नेला. 1991 च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात घरच्या शेतावरचे बिनमोबदला कामही धरा, अशी स्पष्ट सूचना आली. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97, असे दिसले. घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया 81 टक्के होत्या, पुरुष 26. आई मुलांसाठी करते त्याला घड्याळ लावू नये, माया मोजण्याची गोष्ट नव्हे, असा आक्षेप इथे येतो. तो मनापासूनचा आहे, पण एकतर्फी आहे. बाप मुलांसाठीच राबतो आणि तरीही सातबारा त्याच्या नावे असतो. त्याच्या मायेला कागदाने बाधा येत नसेल, तर आईच्या मायेला का यावी?

मोजणीनंतर मालकीचा प्रश्न उभा राहिला आणि तो महाराष्ट्रात जोरात मांडला गेला. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, आणि 1992 मध्ये राज्य शासनाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचे परिपत्रक काढले. दरम्यान तमिळनाडूने 1989 मध्ये, महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. ही मोठी सुधारणा होती, पण तिच्यात एक विसंगती आहे. बाई राबते सासरच्या शेतात आणि तिचा हक्क असतो माहेरच्या जमिनीत. जिथे घाम गळतो तिथे ती नवरा हयात असेतो कायद्याने परकीच. तिथला हक्क तिला आजही नवऱ्याच्या मर्जीने मिळतो. लक्ष्मीमुक्तीचे मोठेपण आणि तिची मर्यादा, दोन्ही याच जागी आहेत.

नाव लावले तरी व्यवहार नवराच करतो, मग कागदाचा उपयोग काय, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. त्याला महाराष्ट्रातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांनीच उत्तर दिले आहे. तिथे मदतीसाठी कुटुंबाची जमीन आणि मान्य संस्थेचे थकीत कर्ज पाहिले जाते, आणि एवढे कागद जमवताना विधवेची दमछाक होते. पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही ज्याच्या नावे जमीन, त्याच्याच खात्यात जातात. 2015-16 च्या कृषिगणनेत वहितीधारकांत स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. कागद पुरेसा नसेल, पण त्याच्याशिवाय दारात कोणी उभे करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्या बाईच्या घरात गुंठाभरही जमीन नाही, तिला सहधारकाचा हक्क कसला? कावेरीच्या मुलखात हा प्रश्न टाळता येत नाही. कृष्णम्माळ जगन्नाथन यांच्या 'लाफ्टी' संस्थेने तो टाळला नाही. 1981 पासून या संस्थेने जुन्या तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागात भूमिहीन दलित कुटुंबांना जमीन मिळवून दिली आणि ती बायकांच्या नावे केली. कुंभकोणमचेच सुपुत्र एम. एस. स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचे खासगी विधेयक मांडले. जमीन असो वा नसो, शेतात राबणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीच्या प्रमाणपत्रावर शेतकरी मानावे, हा त्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी विधेयक बारगळले.

आता तमिळनाडूत 2023 पासून पात्र स्त्रियांना दरमहा 1000 रुपये मिळतात, महाराष्ट्रात 2024 पासून 1500. या रकमांना केवळ मतांची खरेदी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. बाईच्या स्वतःच्या खात्यात येणाऱ्या पैशाला तिच्या लेखी किंमत असते. पण ही पुन्हा चोळी-बांगडीच आहे: देणाऱ्याची मर्जी असेतो मिळणारी. हक्क द्यायचा असेल तर उलट वाटेने जावे लागेल. ज्या कायद्यांनी तिचे श्रम नवऱ्याच्या हक्काचा पुरावा मानले, त्यांनीच ते तिच्या हक्काचा पुरावा मानावेत. कुळाच्या आणि मालकीच्या नोंदीत पत्नीचे नाव अर्जाविना, नवऱ्याच्या संमतीविना लागावे, आणि भूमिहीन बाईसाठी स्वामिनाथन यांचे विधेयक पुन्हा सभागृहात आणावे. तेवढे होईपर्यंत शेतकरी आईच्या त्यागाचे गोडवे गाणे आपण थांबवलेले बरे.